पुसायच्या फोल्डरांची यादी

ती मला काका म्हणायची आणि आमच्या मालकांना सर. मालकांचं वय पंचेचाळीस, माझं एकोणचाळीस, तिचं तेवीस. म्हणजे माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस सर आणि मी काका. ही वजाबाकी मी तेव्हा इतक्या वेळा केली की अजून पाठ आहे.

साल पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराचं. ठाण्याला नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. पॅथॉलॉजी लॅबना रिपोर्ट छापून देणारा प्रोग्राम आम्ही बनवायचो. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत एकोणीस लॅब त्यावर चालत होत्या. प्रोग्राम लिहिणारी तीन माणसं होती आणि ती त्यातली तिसरी, सर्वांत नवी. मी लिहिणाऱ्यांतला नव्हतो. आधी मी एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो. कारखाना बंद पडला तेव्हा मालकांनी मला बोलावून घेतलं, कारण माझ्या हातून वस्तू हरवत नाही असा माझा लौकिक होता. माझं काम होतं मास्टर बनवणं.

मास्टर म्हणजे लॅबला द्यायच्या फ्लॉपींचा पक्का संच. प्रोग्राममध्ये काही बदल झाला की नवा मास्टर. तो बनवायच्या आधी मुख्य फोल्डरच्या पोटातले काही फोल्डर पुसून रिकामे करावे लागत. तेव्हा आम्ही डिरेक्टरी म्हणायचो, पण आता सगळे फोल्डर म्हणतात, म्हणून तोच शब्द वापरतो. त्यांत मागच्या वेळचे तयार तुकडे पडलेले असत. ते राहिले तर नव्या प्रोग्रामात जुना तुकडा मिसळायचा आणि एखाद्या लॅबला मागच्या महिन्यातली चूक पुन्हा जायची. एकूण फोल्डर अठरा. त्यातले अकरा पुसायचे आणि सातांना हात लावायचा नाही. त्या सातांत एकेका डॉक्टरच्या पसंतीचे रिपोर्टचे नमुने होते. कोणाला हिमोग्लोबिन वर हवं, कोणाला खाली, कोणाला सहीच्या जागी दोन रेघा. ते पुसले गेले असते तर परत कोणालाच करता आले नसते.

ही यादी माझ्या लांबट वहीत होती. वर श्री, खाली अकरा नावं निळ्या शाईत, मग रेघ, मग सात नावं लाल शाईत. मी एकेक फोल्डर उघडायचो, आतलं वाचायचो, पुसायचो, रिकामा झाला का बघायचो आणि पेन्सिलने खूण करायचो. नंतर प्रोग्राम तयार करायला लावायचा, फ्लॉपीवर उतरवायचा, फ्लॉपी तपासायची. एका मास्टरला एक तास चाळीस मिनिटं. चार वर्षांत एकदाही चुकीचा फोल्डर पुसला गेला नव्हता. त्या दोन खोल्यांत माझी किंमत होती ती एवढ्यामुळे, आणि मला ते माहीत होतं.

ती कळव्याची, खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातली. ऑफिसात आमच्यासारखंच बोलायची, पण घरून फोन आला की सूर बदलायचा. "नाय गो, येतंय मी," असं म्हणून फोन ठेवायची आणि पुढच्याच वाक्याला प्रमाण मराठीत परत. तिच्या घरात तिच्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. माझ्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, आणि मी मात्र संगणकाला काय सांगायचं ते वहीत बघून सांगत होतो. हे मला ती आल्यापासून आठवड्याभरात दिसलं होतं. तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही ते मालक ठरवणार होते.

पाचव्या महिन्यात एक दिवस ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून मी करतो ते बघत होती. मी सातव्या फोल्डरवर होतो.

"काका, हे तुम्ही दरवेळी असंच करता?"

"मग कसं करणार?"

"नाही, म्हणजे... नेहमी तेच अकरा ना?"

"तेच."

"मग यादी एकदाच द्यायची. बाकी संगणक आपलं आपण करेल."

चार दिवसांनी तिने एक बॅच फाइल लिहून आणली. एक कळ दाबली की संगणक यादी वाचणार, फोल्डर रिकामे करणार, प्रोग्राम तयार करणार, फ्लॉपी मागणार. तिने दोनच फोल्डरांची खोटी यादी घालून मालकांना करून दाखवलं. मी मनगटावरच्या घड्याळात बघत होतो. अकरा मिनिटं लागली, फ्लॉपी बदलायच्या वेळेसकट.

मालक खूश झाले. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "काय हो, चार वर्षं आपण हे हाताने करत बसलो?"

'आपण' म्हणाले, पण बसलो होतो मी एकटा. दुसऱ्या खोलीतला एक प्रोग्रामर हसून म्हणाला, "काकांना आता वही विकायला काढावी लागणार." ती हसली नाही. हसली असती तर मला बरं वाटलं असतं, निदान राग धरायला जागा झाली असती.

घरी डोंबिवलीला जेवताना मी तिच्याबद्दल बोलत असे. आज तिने असं केलं, आज ती असं म्हणाली, आज तिने कारण नसताना डबा सगळ्यांना वाटला. माझ्या पत्नीने आठ-दहा दिवस ऐकून घेतलं. मग एकदा भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, तिचंही पान मांडू का? रोज जेवायला असतेच ती."

मुलं हसली. मी म्हणालो, "तसं काही नाही. तिच्या कामात शिस्त नाही, एवढंच."

"शिस्त नाही, आणि तुमचं पावणेदोन तासाचं काम अकरा मिनिटांत करते?"

"एक तास चाळीस," मी म्हणालो.

यादी मी द्यायची होती. कुठले पुसायचे ते फक्त मला माहीत, असं ती स्वतः मालकांसमोर म्हणाली होती. मी दोन दिवस दिली नाही. तिने विचारलं की, "पक्की करतोय" म्हणायचो. पक्की करायला काही नव्हतं. एकदा माझ्या मनात असंही आलं की अकरातलं एक नाव गाळावं. जुना तुकडा राहील, लॅबमधून तक्रार येईल, आणि मग सगळे वहीकडे वळतील. तो विचार मी केला हे खरं आहे, आणि नाव गाळलं नाही हेही खरं आहे. सोमवारी संध्याकाळी तिच्या संगणकावर बसून मी यादी टाइप केली. वहीशी तीनदा ताडून पाहिली. नावं अकरा, एकही अक्षर चुकलेलं नाही. मोठ्या अभिमानाने मी उठलो. माझ्याकडून बोट ठेवायला जागा उरलेली नव्हती.

मंगळवारी सकाळी साडेअकराला तिने मास्टरच्या संगणकावर खऱ्या यादीने पहिल्यांदा बॅच फाइल चालवली. मालक उभे, मी उभा, हातात वही. अक्षरं भराभर वर सरकली. मग तीच ती ओळ येऊ लागली, की फाइल सापडत नाही. दुसरी सापडत नाही. तिसरी सापडत नाही.

"काय झालं?" मालक म्हणाले.

"एक मिनिट, सर."

तिने मुख्य फोल्डर उघडून पाहिला. त्यात दोनशे चौदा फाइली असत, आमचा सगळा प्रोग्राम. एकही नव्हती. तिने घाईत संगणक बंद करून चालू केला. तो चालूच होईना. काळ्या पडद्यावर एक ओळ आणि चमकणारी रेघ. खालच्या दवाखान्यात कंपाउंडर नंबर पुकारत होता ते ऐकू येऊ लागलं.

मला आनंद झाला. पोटातून, खरोखरचा. तिचा चेहरा पांढरा पडलेला मी बघत होतो आणि मला आनंद होत होता.

पुढे जे झालं ते माझ्या बाजूनेच झालं. दर शनिवारी दोनशे चौदा फाइली तेवीस फ्लॉपींवर उतरवून ठेवायची माझी रीत होती. एक संच ऑफिसात आणि एक डोंबिवलीला घरच्या कपाटात. त्या दुपारी ऑफिसातल्या संचातली चौदा नंबरची फ्लॉपी वाचेना. मी घरी जाऊन दुसरी घेऊन आलो. चार वाजेपर्यंत शनिवारपर्यंतचं सगळं परत आलं. गेलं ते सोमवारचं आणि मंगळवार सकाळचं काम.

मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्याला काम म्हणतात." तिला म्हणाले, "जरा शिक ह्यांच्याकडून. ते बॅच फाइलचं खूळ बंद. मास्टर पहिल्यासारखा हाताने होईल. आणि शनिवारी तुझे सहा महिने भरतात. मला विचार करावा लागेल."

"माझी चूक झाली, सर," ती म्हणाली. एवढंच.

साडेचारला ती खाली चहा आणायला गेली तेव्हा मी तिच्या संगणकावर बसलो. आपली यादी बिनचूक होती हे छापून मालकांसमोर ठेवावं, असा माझा बेत होता. पुढे कोणी विचारलं तर पुरावा हवा. फाइल उघडली आणि सवयीने ओळी मोजल्या. बारा भरल्या.

सर्वांत वर, इंग्रजी अक्षरांत, मी श्री लिहिला होता.

लिहिल्याचं आठवतही नव्हतं. पहिलीत पाटीवर शिकवल्यापासून कोऱ्या जागेवर श्री लिहिल्याशिवाय मी कधी काही लिहिलेलं नाही. पोस्टकार्डावर, किराणाच्या यादीवर, कारखान्याच्या स्टॉक रजिस्टरच्या प्रत्येक पानावर. आणि तो ओळीत धरायचा नसतो. म्हणून तीनदा मोजूनही माझी बेरीज अकराच आली होती.

बाकीचं समजायला वेळ लागला नाही. तिची बॅच फाइल यादीतलं नाव वाचे, त्या नावाच्या फोल्डरमध्ये शिरे, आतलं सगळं पुसे, बाहेर येई आणि पुढचं नाव घेई. श्री नावाचा फोल्डर नव्हता. शिरता आलं नाही, म्हणून संगणक उभा होता तिथलंच त्याने पुसलं. म्हणजे मुख्य फोल्डर. मग तो 'बाहेर' आला, म्हणजे आणखी एक पायरी वर गेला. तिथे यादीतलं दुसरं नाव नव्हतं, तेव्हा तिथलं पुसलं. शेवटी संगणक ज्यावर सुरू होतो त्या फाइलीच गेल्या. ते सात लाल फोल्डर वाचले, कारण त्यांच्या आत तो गेलाच नाही.

जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. मी फाइल बंद केली आणि माझ्या जागेवर जाऊन बसलो. तिने माझ्यापुढे चहा ठेवला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी बोललो नाही. मनातल्या मनात वाटण्या करत होतो. ओळ माझी, पण फोल्डर नसेल तर थांब, हे संगणकाला सांगणं तिचं काम होतं. ते तिने सांगितलं असतं तर नुसता एक इशारा आला असता. तेव्हा तिचे ऐंशी टक्के आणि माझे वीस. वीस टक्क्यांसाठी कोणी कबुलीजबाब देत नाही. बुधवारी मी हाताने मास्टर केला. पेन्सिलच्या खुणा करताना ती शेजारच्या टेबलावर मान खाली घालून काही लिहीत होती. त्या रात्री पत्नीने विचारलं, "आज तिचं काही नाही?" मी म्हणालो, "ठेवतील की नाही शंका आहे." ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली आणि मग ताटं उचलायला लागली.

शुक्रवारी सकाळी ती म्हणाली, "काका, पाच मिनिटं आहेत?"

तिने बॅच फाइल दुरुस्त केली होती. मास्टरच्या संगणकाला हात न लावता, आपल्याच संगणकावर सगळ्याची नक्कल करून. यादीत नसलेलं नाव मुद्दाम घातलं तर ती थांबायची आणि कितव्या ओळीवर अडली ते दाखवायची. तिने मला तीन वेळा करून दाखवलं. मग यादी उघडली. बारा ओळी होत्या. श्री जागच्या जागी होता.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे..."

"राहू दे ना. तुमच्या वहीत असतो तसा. पहिली ओळ सोडून द्यायची, असं सांगितलंय मी त्याला."

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारीच. तुम्ही फ्लॉपी आणायला घरी गेला होतात ना, तेव्हा यादी उघडली."

"मग सरांना बोलली नाहीस?"

"काय बोलू? तपासायला पाहिजे होतं मी. कोणीही काहीही टाइप करणार, आपण धरून चालायला नको ना." मग हसून म्हणाली, "आणि तुमचा तो घरचा संच नसता तर मी कुठे तोंड दाखवलं असतं, काका?"

म्हणजे मी फाइल चोरून उघडली, त्याच्या आधी दोन तास तिला माहीत होतं. माहीत असून तिने मला चहा आणून दिला होता. तोपर्यंत मी तिच्या हुशारीवर जळत होतो. ते सोसण्यासारखं होतं. हुशारी एकेकाला मिळते, त्याला कोण काय करणार. पण नेकी हा माझा प्रांत होता. तिथेही ती माझ्यापुढे जाऊन उभी होती, वय वर्षं तेवीस.

दुपारी मी मालकांच्या टेबलाशी गेलो. बसलो नाही.

"यादीत एक ओळ जास्तीची होती. ती माझ्या हातची. त्यामुळे मंगळवारचं झालं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. श्रीचं सांगितलं तेव्हा हसू दाबलं, मग गंभीर झाले.

"म्हणजे तीन दिवस तुम्ही गप्प होतात?"

"मंगळवारी साडेचारपासून. पावणेतीन होतात."

"पावणेतीन," ते म्हणाले. "आणि तिला माहीत होतं?"

"तुमच्या आधी. माझ्याही आधी."

"मग चूक कोणाची धरू?"

मी ऐंशी-वीस म्हणणार होतो. "निम्मी निम्मी धरा," असं तोंडातून गेलं.

मी चांगुलपणाने सांगितलं असं त्यांना वाटलं असावं, कारण ते मान हलवत होते. तसं नव्हतं. तिने गप्प राहून माझ्यावर उपकार केला होता आणि तो अंगावर घेऊन शनिवारी तिच्यासमोर बसणं मला जमणार नव्हतं. ती गेली असती तर उपकार कायमचा राहिला असता.

शनिवारी तिला कायम केलं. मास्टरचं काम तिच्याकडे गेलं. मला मालक म्हणाले, "तुम्ही आता बाहेरचं बघा. लॅबवाले तुम्हाला मानतात. फ्लॉपी नेऊन द्यायच्या, बसवून द्यायच्या." पगार तोच होता. रागाने दिलेली शिक्षा नव्हती, हे मला कळत होतं. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच ठरवलं असतं.

ती संध्याकाळी जिन्यात भेटली. "काका, कशाला सांगितलंत सरांना? मी सांभाळून घेतलं असतं."

"माहीत आहे," मी म्हणालो. आणि तिचं अभिनंदन करायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी केलं नाही.

पुढच्या बुधवारी तिने बनवलेला पहिला मास्टर घेऊन मी टिटवाळ्याच्या लॅबमध्ये गेलो. स्टेशनाच्या मागे नवी इमारत, तळमजल्यावर दोन गाळे. डॉक्टर साठीचे, बोलके. मी फ्लॉपी घालून प्रोग्राम बसवला, त्यांच्या पसंतीच्या दोन रेघांचा एक रिपोर्ट छापून दाखवला. एकही अडचण आली नाही. खरं सांगायचं तर येईल म्हणून मी वाट बघत होतो.

"ह्या खेपेला लवकर आलात," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी फोन केला आणि बुधवारी हजर. एरवी आठ दिवस लागायचे."

"हो. आता कामाची पद्धत बदलली."

"पण चोख हो. तुमचं काम नेहमीच चोख." त्यांनी आतल्या बाईंना हाक मारून चहा सांगितला. "कोण बनवतं हो हे सगळं? तुम्हीच ना?"

तिचं नाव माझ्या तोंडाशी होतं. दोन अक्षरांचं नाव, उच्चारायला काही वेळ लागत नाही.

"ऑफिसमध्ये होतं," मी म्हणालो.

चहा आला. डॉक्टर माझ्या कामाची आणखी थोडी स्तुती करत होते, आणि मी बशीत ओतून चहा प्यायलो, शेवटपर्यंत.